ती नोंद मी बंद केली होती, रेजिना

रेजिना,

अंत्यविधीला चर्चमध्ये रेजिनाबद्दल दोन शब्द बोलशील का, असं विचारायला अँथनीचा फोन आला होता. तुझ्या नवऱ्याला आजवर मी कशालाच नाही म्हटलं नव्हतं. या वेळी म्हटलं. घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा ठणठणीत होता. पण उभी राहिले असते तर मला एकतर खोटं बोलावं लागलं असतं किंवा खरं, आणि दोन्हींची माझी तयारी नव्हती.

म्हणून मी शेवटच्या बाकावर बसले. नंतर तू जिथे नोकरी केलीस त्या पॅथॉलॉजी लॅबमधली एक बाई बोलली. रक्ताच्या नळीवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव एका अक्षराने वेगळं होतं म्हणून तू तीन वॉर्डांना फोन करून सगळ्यांना कसं भंडावून सोडलंस, ते तिने सांगितलं. लोक हसले. "तिला चूक सापडली की ती तिला सोडायची नाही," असं ती म्हणाली. मी मान खाली घातली. त्या चर्चमध्ये ही गोष्ट माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती.

आपण भेटलो ते दिवस आता कुणाला सांगितले तर त्यांना खरे वाटत नाहीत. डँडेनॉन्ग या उपनगरात गाद्यांच्या गोदामामागे आपलं ऑफिस होतं. तिथे वीस-बावीस माणसं मिळून एक खेळ बनवत होती. टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर चालणारा, पण घरच्या टेलिफोनच्या तारेतून जगभरातल्या माणसांना एकाच जंगलात, एकाच गुहेत आणून सोडणारा. कुणी धनुर्धारी व्हायचं, कुणी वैद्य, आणि अनोळखी चौघांनी मिळून राक्षस मारायचे. कन्सोलवर असं आधी फारसं कुणी केलं नव्हतं. आपण रोज सकाळी काल चाललेलं आज का चालत नाही हे शोधत बसायचो. फोनच्या तारेतून ये-जा करणारा आणि खेळाडूची माहिती मेमरी कार्डावर साठवणारा सगळा भाग माझा होता. टेस्टिंगची खोली तुझी.

पहिल्या दिवशी पॅन्ट्रीत तू मला विचारलंस, "पुण्याची ना?" मी म्हटलं, "कशावरून?" तू म्हणालीस, "चहा पिऊन कप लगेच विसळलास. आणि विसळताना तोंड वाकडं केलंस." तू वसईची. लग्नाआधी मुंबईत एका कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर नऊ वर्षं काढलेली. मोडेम जोडला जाताना जो किरकिरा आवाज येतो तो ऐकून तू सांगायचीस, "ही लाईन टिकणार नाही." आणि ती टिकायची नाही. पोरं याला जादू म्हणायची. मी योगायोग म्हणायचे.

त्या कन्सोलला कीबोर्ड नव्हता, म्हणून खेळाडूंनी एकमेकांशी बोलायला तयार वाक्यांची यादी द्यायची होती. त्या यादीसाठी आपण दोघी एक अख्खा दिवस भांडलो होतो. मी लिहिलं होतं, 'हल्ला करा', 'मागे फिरा', 'मला औषध दे'. तू हट्टाने एक वाक्य घातलंस: 'जरा थांबा, मला घरात बोलावतायत.' मी म्हटलं, हे कशाला? युद्धाच्या मैदानावर हे कोण म्हणणार? तू म्हणालीस, "मैदानावर कुणी नसतं, मेधा. माणूस घरात बसलेला असतो." तुझं ते वाक्य राहिलं, आणि पुढे लोक ते सर्रास वापरायला लागले.

हे सगळं लिहायला सोपं जातंय, म्हणून लिहितेय. आता अवघड भाग.

डिस्क छपाईला जायला पाच आठवडे होते. तू एक कन्सोल पाकेनहॅमला तुझ्या घरी नेला होतास. 'ऑफिसच्या चांगल्या लाईनींवर टेस्ट करून काय कळणार,' असं तुझं म्हणणं होतं. एका सोमवारी तू चुकांच्या यादीत नोंद टाकलीस: दोन खेळाडू एकमेकांना वस्तू देत असताना घरातल्या कुणी दुसऱ्या खोलीतला त्याच लाईनवरचा फोन उचलला, तर खेळ अडकतो; आणि कंटाळून यंत्र बंद केलं तर कार्डावरचं पात्र नाहीसं होतं. अख्खं पात्र, कितीही तास घालून वाढवलेलं. तुझ्या सासूबाईंनी वसईला फोन लावायला रिसीव्हर उचलला आणि तुझी धनुर्धारी गेली होती.

मी ऑफिसमध्ये करून पाहिलं. वस्तू देताना फोनची वायर उपटली. काही झालं नाही, पात्र शाबूत. दहा वेळा उपटली. मग नोंदीखाली लिहिलं, 'खेळाडूने मध्येच यंत्र बंद केले', आणि चूक खेळाची नाही असं ठरवून नोंद बंद केली.

तू ती पुन्हा उघडलीस. मी पुन्हा बंद केली. तू माझ्या टेबलापाशी आलीस. "वायर उपटणं वेगळं आणि फोन उचलणं वेगळं. घरी ये. सासूबाईंना फोन उचलायला सांगते. डोळ्यांनी बघ."

गाडीने अर्धा तास लागला असता. मी आले नाही.

तिसऱ्यांदा तू ती उघडलीस तेव्हा माझं डोकं फिरलं. सगळी टीम बसलेली होती. मी इंग्रजीत बोलू शकले असते, पण मराठीत बोलले, म्हणजे ते फक्त तुलाच लागावं. "रेजिना, तुझ्या घरचा फोन म्हणजे जग नाही." आणि नोंद पुन्हा बंद केली. तू परत खोलीत गेलीस. चौथ्यांदा नोंद उघडली नाहीस.

आता तुला कधीच न सांगितलेली गोष्ट. डिस्कची शेवटची प्रत शुक्रवारी छपाईला गेली. त्या काळी कन्सोलचा खेळ एकदा छापला की संपलं. मागाहून दुरुस्ती पाठवायची सोय नव्हती. शनिवारी दुपारी मी घरी सहज माझा कोड वाचत होते. माझा नवरा श्रीकांत बाहेर कपडे वाळत घालत होता. आणि मला दिसलं. मी क्रम असा लावला होता, की आधी कार्डावरची जुनी माहिती पुसायची, मग सर्व्हरच्या होकाराची वाट बघायची, आणि होकार आला की नवी लिहायची. वायर उपटली की मोडेमला लगेच कळायचं आणि जुनी माहिती परत लिहिली जायची. पण दुसऱ्या खोलीत रिसीव्हर उचलला तर लाईन तुटत नव्हती, नुसती खराब होत होती. मोडेम म्हणायचा, आहे अजून. यंत्र वाट बघत बसायचं. माणूस वैतागून ते बंद करायचा. तेव्हा कार्डावर जुनं पुसलेलं असायचं आणि नवं लिहिलेलं नसायचं.

तू बरोबर होतीस. पहिल्या दिवसापासून, शब्दन् शब्द.

छपाई सोमवारी सुरू होणार होती. आपल्या ऑफिसच्या मुख्याला, ग्रॅहमला, मी एक फोन केला असता तर ती थांबली असती. कराराची तारीख चुकली असती, बोंबाबोंब झाली असती, पण थांबली असती. आमचे कायम राहण्याचे कागद तेव्हा सरकारी खात्यात पडून होते. माझा व्हिसा या नोकरीला बांधलेला. श्रीकांतला नोकरी नाही, मला तिसरा महिना. मी ही कारणं गेली कित्येक वर्षं इतक्या वेळा मनात मांडलीत की ती आता गुळगुळीत झालीत. खरं एवढंच, की फोन माझ्या हाताशी होता आणि मी तो उचलला नाही. श्रीकांत रिकामी बादली घेऊन आत आला आणि म्हणाला, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही."

मग पत्रं आली. एक तुझ्या टेबलासमोर तू लावून ठेवलं होतंस. पर्थच्या पलीकडे खाणीवर काम करणाऱ्या माणसाचं. त्याचा भाऊ स्कॉटलंडला. दोघं आठवड्यातून एकदा या खेळात भेटायचे. बायकोने आईला फोन करायला रिसीव्हर उचलला आणि त्याचा वैद्य गेला. पत्रात एकही वाईट शब्द नव्हता. शेवटी त्याने विचारलं होतं की तो परत मिळवायचा काही मार्ग आहे का. तू त्याला स्वतः उत्तर लिहिलंस की नाही, माझ्या मागे त्याची माफी मागितलीस का, हे मी तुला कधी विचारलं नाही.

ग्रॅहमच्या केबिनमध्ये मीटिंग झाली. खेळ विकणाऱ्या परदेशी कंपनीला उत्तर हवं होतं. त्याने नोंदी वाचल्या नव्हत्या. तो वाचायचाच नाही. तू होतीस, मी होते, अजून दोघं. त्याने मला विचारलं, तुला नाही. "मेधा, हे टेस्टिंगकडून तुझ्याकडे आलं होतं का?"

मी म्हटलं, "स्पष्ट असं काही आलं नव्हतं."

स्पष्ट. तो शब्द मी किती विचार करून निवडला होता. पूर्ण खोटं ठरू नये म्हणून. तू समोर होतीस, तरी तुझ्या नोंदीचं नाव काढलं नाहीस.

शुक्रवारी तुला आणि तुझ्या खोलीतल्या तिघांना कामावरून काढून घरी पाठवलं. तू जाताना सगळ्यांशी हात मिळवलास, माझ्याशीही. "टेक केअर हां, बाळाची," म्हणालीस. मी पोटुशी आहे हे मी ऑफिसमध्ये अजून कुणालाच सांगितलं नव्हतं, सैल कपड्यांत लपवत होते.

त्यानंतर वर्षभर मी तुला फोन केला नाही. अमेय झाला, आमचे कागद झाले. मग एकदा डँडेनॉन्गच्या बाजारात मी प्रॅम ढकलत चालले होते आणि समोर तू, सुके बोंबील निवडत. पळायला जागा नव्हती. तू अमेयच्या गालाला हात लावलास, म्हणालीस, "नाताळात ये फुगे खायला. मी पन्नास तळते, खायला कुणी नसतं." आम्ही आलो, तुझे मैद्याचे गोल तळलेले फुगे खाल्ले. आणि मग दर वर्षी येत राहिलो. तुझ्या सासूबाई असेपर्यंत त्या आमच्यासाठी वेगळ्या कढईत बटाट्याची भाजी करायच्या. अमेय आणि तुझी ॲनेट एकाच गादीवर झोपले, भांडले, मोठे झाले. मी दर नाताळात गाडीत बसताना ठरवायचे की आज सांगायचं. श्रीकांतला मी पुढे सगळं सांगितलं होतं. परतीच्या वाटेवर तो विचारायचा, "बोललीस?" मी म्हणायचे, "आज पाहुणे खूप होते."

ॲनेटने युनिव्हर्सिटीत गेम डिझाईन घ्यायचं ठरवलं तेव्हा आपलं खूप वाजलं होतं. मी म्हटलं, "तिला त्या धंद्यात घालू नकोस. माणसं वापरून टाकून देतात." तू भांडी पुसत होतीस. न वळता म्हणालीस, "का? तुला तर बरा मानवला."  तो विषय तिथेच राहिला. तू बरोबर होतीस की मी, ते आता ठरायचं नाही. ॲनेट आज सिडनीत एका गेम कंपनीत टेस्टिंगच बघते.

तीन आठवड्यांपूर्वी, हॉस्पिटलमध्ये, दुपारी. अँथनी कॉफी आणायला गेला होता. तू शब्दकोडं सोडवत होतीस. मी म्हटलं, "रेजिना, मला त्या मीटिंगबद्दल तुझ्याशी बोलायचंय."

"कुठल्या?"

"ग्रॅहमच्या केबिनमधल्या."

तू पेन खाली ठेवलंस. "बराच वेळ घेतलास."

मी सगळं सांगायला लागले. शनिवार सांगायचा होता, तिथवर पोचलेच नाही. आधी म्हटलं, "तू माझ्यासाठी गप्प बसलीस. माझ्या व्हिसासाठी, बाळासाठी. मला माहीत होतं, आणि तरी मी कधी..."

तू माझ्याकडे असं बघितलंस की मी थांबले.

"असं वाटत होतं तुला? इतकी वर्षं?"

"मग का गप्प बसलीस?"

"अगं, मी बोलून कोण ऐकणार होतं? तू कोड लिहिणारी, मी बटणं दाबणारी. आणि नोंदीत तूच लिहून ठेवलेलं, खेळाडूने यंत्र बंद केलं. तू हो म्हटलं असतंस तरच त्याला अर्थ होता. मी तुझ्याकडे बघत होते मेधा. तू टेबलाकडे बघत होतीस."

तुझा श्वास लागला. मी पाणी दिलं. म्हटलं, "मला माफ..."

"नको." तू हात वर केलास, सलाईनची नळी हलली. "ते आता माझ्या अंगावर टाकू नकोस. मला त्याचं काही करता यायचं नाही. तुझं तू बघ काय करायचं ते."

मग अँथनी आला. तू त्याला सांगितलंस की कॉफी गार आहे, आणि मला विचारलंस, अमेयला लायसन्स मिळालं का. आपण पंधरा मिनिटं अमेयच्या लायसन्सबद्दल बोललो. जाताना मी तुझ्या कपाळाला हात लावला, तू डोळे मिटून घेतलेस. थकून की रागाने, मला कळलं नाही. नंतर मी दोनदा आले तेव्हा तू झोपेत होतीस.

इतकी वर्षं मी एका गोष्टीवर जगले होते. आपल्यावर कुणीतरी इतकं प्रेम केलं की आपल्यासाठी नोकरी जाऊ दिली, असं मला वाटायचं. अपराधी वाटायचं, पण आतून ऊबही वाटायची. तू ती एका वाक्यात काढून घेतलीस. बरं केलंस. पण मग एक विचारायचं राहिलं, रेजिना. मी खोटं बोलले ते तुला माहीत होतं, मी टेबलाकडे बघत होते ते तू विसरली नव्हतीस, तरी बाजारात तू मला फुगे खायला का बोलावलंस? मला पाहून तुला काय वाटत होतं? दर नाताळात वाढताना तू मनात काय म्हणत होतीस? हे मी हॉस्पिटलमध्ये विचारायला हवं होतं. मी माफी मागत बसले.

चर्चच्या बाहेर लोक चहाला थांबले होते. ॲनेट माझ्याकडे आली. डोळे सुजलेले, पण आवाज तुझ्यासारखा सपाट. तो जुना खेळ अजूनही चालू ठेवणारी काही मंडळी आहेत, हे तिने सांगितलं. ब्रिस्बेनमधला कॅलम नावाचा कुणी त्यांचा सर्व्हर सांभाळतो आणि त्या खेळाचा इतिहास लिहितो. त्याच्या पानावर लिहिलंय की पात्रं पुसली जाण्याची मोठी चूक टेस्टिंगच्या नजरेतून सुटली.

"मम ऑल्वेज सेड शी डिडन्ट मिस इट," ॲनेट म्हणाली. "वॉज शी राईट, मेधा आंटी? यू वर देअर."

आजूबाजूला माणसं होती. हातात कप होता. मी पुन्हा एखादा शब्द निवडू शकले असते.

मी म्हटलं, "हो. तिला सापडली होती. तिने तीनदा सांगितलं. नोंद मी बंद केली. आणि छापायच्या आधी मला कळलं होतं, तरी मी कुणाला सांगितलं नाही. मग मीटिंगमध्ये म्हटलं की स्पष्ट काही आलं नव्हतं."

 ती एवढंच म्हणाली, "यू केम टू अवर हाऊस एव्हरी क्रिसमस."

"हो."

"व्हाय टेल मी नाऊ? हू इज धिस फॉर?"

  तुझ्यासाठी म्हणावं तर तू ऐकायला नाहीस, आणि ऐकायचं नाही हे तू सांगून गेलीस. ॲनेटने माझ्या हातातला कप काढून घेतला, बाकावर ठेवला, जसा तू पसारा आवरायचीस तसा. मग म्हणाली, "राईट इट डाऊन देन. विथ युअर नेम ऑन इट." आणि अँथनीकडे निघून गेली.

मी लिहिलं. दोन दिवस लागले. पहिल्या खेपेला ते माझ्याच बाजूचं झालं, व्हिसा आणि तिसरा महिना सगळं त्यात आलं. ते खोडलं. मग फक्त काय घडलं ते लिहिलं: नोंद कुणी टाकली, कुणी बंद केली, किती वेळा, काय शेरा मारून, आणि त्या शनिवारी मला काय दिसलं. खाली माझं पूर्ण नाव घातलं आणि कॅलमला पाठवलं. त्याने दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. चांगला मुलगा वाटला. लिहिलं, "नो वरीज, थँक्स फॉर धिस," पान बदलतो म्हणाला. आणि सहज सांगितलं की ती चूक त्यांनी केव्हाच दुरुस्त केलीय. दोन ओळींची अदलाबदल करावी लागली, एवढंच. मी ते वाक्य वाचून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. श्रीकांतने मागे येऊन खांद्यावर हात ठेवला. 

आता त्या पानावर लिहिलंय की ही चूक प्रथम टेस्टिंग प्रमुख रेजिना रॉड्रिग्ज यांनी शोधली आणि तीन वेळा कळवली. ती नोंद नेटवर्क प्रोग्रामर मेधा लिमये यांनी बंद केली. मी दुवा ॲनेटला पाठवला. चार दिवस काही आलं नाही. आज दुपारी तिची एक ओळ आली: आमचं आडनाव इंग्रजीत 'एस'ने संपतं, 'झेड'ने नाही.

कॅलमला पाठवलेलं माझंच पत्र मी उघडून बघितलं. सगळीकडे झेड. बावीस वर्षांची ओळख, तुझ्या दारावरची पाटी मी दर नाताळात वाचत आले, आणि तुझं नाव नीट लावायला बसले तेव्हाच ते चुकवलं. मी कॅलमला लगेच लिहिलं. त्याने तासाभरात बदललं. मी पान पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा तपासलं आणि मग ॲनेटला कळवलं की दुरुस्त झालंय. तिचं उत्तर नाही. येईल असंही नाही.